वजावट

हेगमध्ये आज ऊन, म्हणून रस्त्यावर सायकलीच सायकली.
मी काचेच्या खोक्यात. कानांवर हेडफोन,
समोर पाण्याचा पेला, पेल्यावर बशी.
दुभाष्याला नियम एकच:
साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं.
'ती म्हणते की' नाही, 'याचं म्हणणं असं' नाही.

तर सकाळी साडेनऊला मी लेतेब्रहान झालो.
वय एकसष्ट, गाव अडी-गोबो, सीमेच्या दक्षिणेला.
माझ्या घरावर पत्रे होते, बावीस.
त्यांच्या शिपायांनी ते उतरवले,
खिळेसुद्धा नेले.
वकिलानं विचारलं, खिळे नेले हे कशावरून?
मी म्हणालो, म्हणजे ती म्हणाली:
वाशांवर भोकं होती, पण लाकूड कुठंच फाटलं नव्हतं.
सवडीनं काढलेत.
ज्यानं काढले त्याच्या बापाचंही
पत्र्याचंच घर असणार.

पाचामुखी परमेश्वर, म्हणतात.
पाचातले एक जण कागदावर होड्या काढत होते.

दुपारी चीजचं सँडविच. इथले लोक जेवताना ताक पितात,
हे कळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं.

अडीच वाजता मी वोल्देआब. सीमेच्या उत्तरेचा,
पण सत्तावीस वर्षं दक्षिणेच्या राजधानीत टायरचं दुकान.
रात्री बस आली. एक पिशवी घ्या, म्हणाले.
कुलूप लावलं, किल्ली घेतली.
किल्ली निशाणी चौपन्न म्हणून टेबलावर ठेवलेली,
प्लास्टिकच्या पाकिटात,
आणि मी तिच्याकडे बघत बोलत होतो
जणू खरंच माझ्याच खिशातून निघाली.

एक सांगायचं राहिलं.
या दोन्ही बाजूंना माझी गरज नाही.
दोघांची भाषा एकच. घराला शब्द एक, शेळीला एक,
शिवी तर अगदी तीच.
मी तोंड उघडायच्या आधीच
समोरच्या बाकावर कुणीतरी मान खाली घालतं.
मी बोलतो तो मधल्या पाचांसाठी.
माझी आई उत्तरेची, बाप दक्षिणेचा,
म्हणून ही नोकरी मिळाली,
आणि त्याच कारणानं जवळजवळ हुकलीही होती.

लेतेब्रहान उठताना
उलटतपासणी घेणाऱ्या त्या वकिलाला म्हणाली, हावेय,
माझा चष्मा तुमच्या कागदांखाली आहे.
हावेय म्हणजे माझ्या भावा.
आमच्याकडे भाजीवालाही हावेय, पोलीसही हावेय,
त्यात विशेष काही नाही.
मी 'सर' म्हणालो.
'ब्रदर' म्हटलं असतं तर होड्या थांबल्या असत्या
आणि कुणीतरी विचारलं असतं, तुमचं नातं काय?

वकिलानं चष्मा दिला. दोन्ही हातांनी.
इतिवृत्तात हात येत नाहीत.

तीन वर्षांनी निवाडा लागला, तीनशे चौऱ्याऐंशी पानं.
याने त्याला इतके कोटी द्यावेत, त्याने याला जवळपास तितकेच.
तळटीपेत वजावट करून दाखवलेली.
उरलेला फरक अजून कुणी कुणाला दिलेला नाही.
बावीस पत्रे 'घरगुती नुकसान, इतर' यात आहेत.
मी शोधले. खिळे सापडले नाहीत.

आई फोनवर विचारते, मग कोण जिंकलं?
मी म्हणतो, तिकडे पाऊस झाला का?

दुरुस्तीचा एक छापील अर्ज असतो.
साक्षीनंतर सात दिवसांच्या आत द्यायचा:
पान अमुक, ओळ अमुक,
तमुक शब्दाऐवजी तमुक वाचावा.
मी तो तेव्हाच भरला होता. पान २११, ओळ ९.
सातव्या दिवशी संध्याकाळी कचेरीपर्यंत गेलोही.
खिडकीतली बाई पडदा ओढत होती,
म्हणाली, महत्त्वाचं आहे का?

मी तेव्हा कोण होतो ते आठवत नाही.
म्हणालो, नाही, एकच शब्द आहे.